पार्किंगमधले जमदग्नी

हिरव्या नंबरप्लेटची गाडी सोसायटीच्या फाटकातून पहिल्यांदा आत येते तेव्हा तिच्यावर दोन नजरा पडतात. पहिली "केवढ्याला पडली?" ही. ती नवी नाही. नव्या फ्रिजपासून नव्या जावयापर्यंत सगळ्यांवर ती पडून गेलेली आहे. दुसरी मात्र विजेच्या गाडीसाठीच राखून ठेवलेली असते: ही पेटणार कधी? मालक बिचारा चाकांखाली लिंबं ठेवतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, त्याची आई तबकात कापूर पेटवून गाडीला ओवाळते, आणि त्या कापरापासून हातभर अंतरावर उभे राहून पहिल्या मजल्यावरचे काका गंभीरपणे म्हणतात, "जपून हं. आगीचं फार भय असतं या गाड्यांना."

हेच काका वर्षानुवर्षं चाळीस लिटर पेट्रोल पोटात बाळगणाऱ्या गाडीला टेकून सकाळचं वर्तमानपत्र वाचत आले आहेत. त्या गाडीच्या वायरी उंदरांनी निदान दोन पिढ्या कुरतडल्या आहेत. काकांच्या स्वयंपाकघरात १४.२ किलोचा गॅस सिलिंडर आहे, वरच्या फळीवर देवघर आहे, देवघरात तेवती समई आहे. याबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही. ओळखीचा धोका आपल्याकडे घरच्या माणसात जमा असतो. त्याला पाट मांडून जेवायला वाढतात. परका धोका आला की मात्र त्याचं आधार कार्ड मागायचं.

भीती अगदीच हवेतली आहे असं मात्र म्हणता येत नाही, आणि पुणेकराला तर नाहीच. मार्च २०२२मध्ये लोहगावाकडे रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओलाची एस-वन प्रो स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर गेली. पुढच्याच महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटरी तपासणीसाठी परत मागवल्या. त्याच एप्रिलमध्ये नाशिकहून कंटेनरमध्ये भरून पाठवलेल्या चाळीस स्कूटरींपैकी वीस जळाल्या. जूनमध्ये वसईत टाटांची नेक्सॉन ईव्ही पेटली आणि चारचाकीवाल्यांचाही झोपेचा प्रश्न निर्माण झाला. या सगळ्या चित्रफिती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही जिवंत आहेत. एक स्कूटर तर दर उन्हाळ्यात "आत्ताच घडलेली घटना" म्हणून जळते. इतक्या वेळा जळून तिचं अजून काही शिल्लक कसं उरतं, याचं उत्तर ग्रुपवर मिळत नाही.

ग्रुपवर पुरावा चालतो, फक्त तो सोयीचा असावा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनजवळच्या लूटन विमानतळाचं बहुमजली पार्किंग पेटलं. चौदाशेहून अधिक गाड्या गेल्या, इमारतीचा काही भाग कोसळला. आमच्या ग्रुपवर तपास लगेच पूर्ण झाला: विजेची गाडी! तिथल्या अग्निशमन दलाने सांगितलं, की सुरुवात डिझेलच्या गाडीपासून झाली. मी ते ग्रुपवर टाकलं. त्यावर एक अंगठा आला आणि अंगठ्याखाली लगोलग गुलाबाचं फूल आणि 'शुभ रात्री'. मग मी स्वीडनचा हिशेब टाकला. तिथल्या सरकारी नागरी सुरक्षा यंत्रणेने २०२२ची मोजदाद केली, तेव्हा बॅटरीवर किंवा बॅटरी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या सहा लाखांवर मोटारींपैकी २३ पेटल्या होत्या, आणि निव्वळ पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाख मोटारींपैकी सुमारे ३,४००. काकांनी उत्तर पाठवलं, "स्वीडनमध्ये थंडी असते." वास्तविक काकांना याहून बरा मुद्दा काढता आला असता. विजेच्या गाड्या अजून कोवळ्या आहेत. जुन्या झाल्यावर, चार वेळा ठोकून घेतल्यावर, गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या हाताखालून गेल्यावर हा हिशेब कसा दिसेल ते पाहायचं आहे. पण थंडीच्या मुद्द्याला चौदा अंगठे मिळाले होते.

अखेर विषय सर्वसाधारण सभेत आला. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचा क्रमांक सातवा होता: "इलेक्ट्रिक वाहनांपासून उद्भवणाऱ्या संभाव्य धोक्याबाबत विचारविनिमय करणे." हिशेबाला मंजुरी, लेखापरीक्षकांची नेमणूक वगैरे पहिले सहा विषय चहा येण्याआधी उरकले आणि लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. गाडीचा मालक हिंजवडीला नोकरी करणारा तरुण. त्याने फाइलच आणली होती.

"ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२मध्येच सांगितलंय, काका. स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे."

"ऊर्जा मंत्रालय आपल्या सोसायटीचं सभासद आहे का?" खजिनदारांनी विचारलं.

"शिवाय माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट."

"आयर्न म्हणजे लोखंड. पावसाळ्यात गंजणार ते," दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

त्यानंतर सूचना येऊ लागल्या. एकांच्या मते गाडी दिवसाच चार्ज करावी, म्हणजे पेटली तर निदान सगळे जागे असतील. दुसऱ्यांचं म्हणणं, चार्जिंग चालू असेपर्यंत मालकाने गाडीशेजारी बसून राहावं. "खुर्ची सोसायटी देणार नाही," हे खजिनदारांनी तेवढ्यात नोंदवून घेतलं. तिसऱ्यांनी या गाड्यांसाठी मागच्या कोपऱ्यातली वेगळी जागा सुचवली. त्या कोपऱ्यात सुक्या कचऱ्याचे डबे, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कोणाच्या तरी नूतनीकरणातून उरलेल्या प्लायवुडचा ढीग असतो. आग लागलीच तर तिची आबाळ होऊ नये, एवढी काळजी या सूचनेत निश्चित होती.

सभेत शहाणं बोलणारं माणूस एकच होतं: आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी फळ्याविना वर्ग घेतला. बॅटरीत शेकडो, काही गाड्यांत हजारो सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन ध्रुव, आणि दोघांमध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा. त्यात भरलेला द्रव ज्वालाग्राही. कारखान्यातल्या दोषाने, जबर धक्क्याने किंवा अति तापून हा पडदा फाटला, की दोन ध्रुव भेटतात, सेल तापतो, तापला म्हणून आणखी प्रक्रिया होते, आणखी प्रक्रिया होते म्हणून आणखी तापतो, आणि मग शेजारच्या सेललाही तेच वेड लागतं. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीत या गडबडीत आतूनच ऑक्सिजन सुटतो, म्हणून वरून गोधडी टाकून किंवा पावडर मारून ही आग गुदमरत नाही. ती थंडच करावी लागते, म्हणजे पाणी, तेही हजारो लिटर. आणि विझली असं वाटल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही ती पुन्हा डोकं वर काढू शकते. मुलगा सांगतो ते लोहाचं रसायन पुष्कळ शांत स्वभावाचं. त्याला पेटवायला जास्त उष्णता लागते. "पण संत नाही हं ते," बाई म्हणाल्या, "फक्त राग उशिरा येतो."

"हजारो लिटर पाणी?" सेक्रेटरींनी एवढंच ऐकलं. आमच्याकडे पालिकेचं पाणी संध्याकाळी तासभर येतं. बाकीचं टँकरवर. त्यामुळे आग साडेसहा ते साडेसात या वेळेतच लागावी, असा ठराव करावा लागतो की काय, या चिंतेत सभा काही क्षण गप्प झाली.

परदेशात यावर काय काय उपाय निघाले ते तरुणाने वाचून दाखवलं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्ट गाड्यांच्या सेलमध्ये दोष सापडला, तेव्हा २०२१मध्ये कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्याच बोल्ट परत बोलावल्या. बॅटरी बदलून मिळेपर्यंत मालकांना सांगितलं, की गाडी घराबाहेर लावा, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, आणि बहुमजली पार्किंगमध्ये उभी केलीत तर दुसऱ्या गाडीपासून पन्नास फूट अंतर ठेवा. पन्नास फूट! पुण्यात पन्नास फूट मोकळे सोडले तर त्यात अकरा दुचाक्या, एक पाणीपुरीवाला आणि भाद्रपदात एक मंडळ बसतं. दक्षिण कोरियात सोल महापालिकेने २०२४मध्ये अशी सूचना काढायचं ठरवलं, की नव्वद टक्क्यांहून अधिक चार्ज असलेल्या गाड्यांना इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊ नये. आमच्याकडे पाहुण्यांच्या वहीत खरं नाव लिहून घेणं अजून वॉचमनला साधलेलं नाही; "साहेब, तुमची ब्याण्णव टक्के आहे, खंडोबाच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून या," हे तो कोणत्या तोंडाने सांगणार?

सोलच्या त्या सूचनेमागे जे घडलं ते मात्र आमच्या सभेने कान देऊन ऐकावं असं होतं. १ ऑगस्ट २०२४ला पहाटे सोलजवळच्या इंचॉन शहरात एका मोठ्या गृहसंकुलाच्या तळघरात मर्सिडीजची विजेची गाडी पेटली. ती चार्जिंगला नव्हती. दोन-अडीच दिवस नुसती उभी होती. आग विझायला आठ तासांवर वेळ लागला, शंभराहून अधिक गाड्यांना झळ पोचली, शेकडो घरांची वीज आणि पाणी गेलं. जीव कोणाचा गेला नाही. एवढं ऐकेपर्यंत काकांचा चेहरा उजळत चालला होता. पुढचं वाक्य त्यांना आवडलं नाही. त्या तळघरात छताला पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा होती, धोक्याची घंटाही वेळेवर वाजली होती. पण घंटा खोटीच असेल असं समजून व्यवस्थापनातल्या एकाने ती यंत्रणाच बंद केली. पाणी आलंच नाही. एका गाडीची आग शंभर गाड्यांची झाली ती त्यानंतर. लूटनच्या पार्किंगमध्ये तर अशी यंत्रणा बसवलेलीच नव्हती. तिथे डिझेल, इथे बॅटरी. दोन्हीकडे कमी पडलं ते छताचं पाणी.

"आपल्याकडे स्प्रिंकलर आहेत," चेअरमन अभिमानाने म्हणाले.

आहेत. मागच्या दिवाळीआधी इमारत रंगवली तेव्हा रंगाऱ्याने त्यांनाही मोकळेपणाने दोन हात दिले. आता ते छताशी इतके एकरूप झालेत की आग लागली तरी ते छताचीच बाजू घेतील. जिन्यातल्या लाल पेटीत नळी आहे. नळीच्या टोकाची पितळी तोटी कोणत्याशा भंगारवाल्याकडे सुखात आहे. त्या पेटीत वॉचमन डबा, खराटा आणि छत्री ठेवतो, आणि सगळ्या इमारतीत रोज वापरात असलेलं अग्निशमन साहित्य हेच. फायर एक्स्टिंग्विशर प्रत्येक मजल्यावर आहे. त्याच्या काट्याने केव्हाच लाल घरात मुक्काम केला आहे. महाराष्ट्रात २००६चा आगप्रतिबंधाचा कायदा आहे आणि त्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून तसं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, द्यावं लागतं. "ते मिळतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी 'मिळतं' हे क्रियापद ज्या सुरात उच्चारलं, त्यावरून तपासणी झाली होती का, हे विचारण्यात अर्थ उरला नाही.

सभेत कोणालाच ज्याची भीती वाटली नाही अशी एक वस्तू आमच्याच इमारतीत होती. ती सी विंगमधल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबत असे. पिवळ्या रंगाची वायर, वाळत घातलेल्या टॉवेलांमधून वाट काढत, गुलमोहराच्या फांदीला एक वेढा घेऊन, पार्किंगमधल्या एका एक्स्टेंशन बोर्डापर्यंत. बोर्ड पावसात भिजू नये म्हणून त्याच्यावर दुधाची पिशवी बांधलेली. यावर रोज रात्री गाडी चार्ज होई. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो. तो चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, आणि तेही रात्रभर. गीझर दहा-पंधरा मिनिटांत दमतो, मिक्सर चटणी झाली की थांबतो. घरातली दुसरी कोणतीही वस्तू आठ-दहा तास इतकी वीज पीत नाही. पिन थोडी ढिली असली, वायर बारीक असली, की त्या जोडात उष्णता साचत जाते. आधी सॉकेट पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास येतो. घरात उदबत्ती लावलेली असली तर तोही कळत नाही.

या वायरीच्या मालकाकडे इलेक्ट्रिशियन आला होता, कारण चार्जरवर लाल दिवा लागत होता. हा दिवा म्हणजे चार्जरची प्रामाणिक तक्रार असते: या घराला अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे फक्त बिल्डरला माहीत असतं, आणि बिल्डर कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. खड्डा शोधून त्यात पाणी घालणं, पट्टी तपासणं, नाही जमलं तर नवा खड्डा खणणं, हा मार्ग.

"एवढं कशाला साहेब? तो लाल दिवा घालवून देतो ना," इलेक्ट्रिशियन म्हणाला. त्याने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडले. चार्जर फसला, दिवा हिरवा झाला, इलेक्ट्रिशियनला तीनशे रुपये मिळाले. आता कधी न्यूट्रल तुटलाच, तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरणार. पेटायची वाट पाहण्याचीही गरज नाही.

दुचाकीवाल्यांचं आणखी निराळं. अनेक स्कूटरींची बॅटरी काढून घरात नेता येते, म्हणून ती येते. आणि घरात सॉकेट कुठे मोकळं असतं, तर मुख्य दाराशेजारी, चपलांच्या कपाटाजवळ. म्हणजे पेटलीच तर नेमकी पळायच्या वाटेवर. वेल्लोरला मार्च २०२२मध्ये घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर रात्री पेटली आणि बाप-लेक दगावले. न्यूयॉर्कमध्ये ई-बाइकसारख्या वाहनांच्या आणि उपकरणांच्या लिथियम बॅटऱ्यांनी २०२३ या एका वर्षात १८ बळी घेतले. यात विनोद करण्यासारखं काही नाही. मोटार पार्किंगमध्ये असते आणि तिच्यावर सभा होते. ही पेटी सोफ्याशेजारी असते, रात्रभर, आणि तिच्यावर कोणी सभा घेत नाही.

त्या २०२२च्या उन्हाळ्यानंतर केंद्राने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. ही मानकं प्रसिद्ध करणारी संस्था, एआरएआय, आमच्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. १९६६पासूनची. रोज सकाळी तिच्या कुंपणाला वळसा घालून फिरायला जाणारी मंडळी बॅटरीवर इतक्या ठाम मतांनी बोलतात, की आतल्या शास्त्रज्ञांनी खिडक्या उघड्या ठेवल्या तर त्यांना चाचण्या घ्यायचं कारण उरणार नाही.

सभेचा निकाल सांगायचा राहिला. विजेच्या गाड्यांना अनेक अटींवर परवानगी मिळाली. चार्जिंग पॉइंटजवळ पाटी लावायचं ठरलं आणि तिचा मजकूर दुसऱ्याच दिवशी झळकला: "येथे विजेची गाडी स्वतःच्या जबाबदारीवर पेटवावी. इतरांच्या गाडीस झळ लागल्यास दंड आकारला जाईल. हुकुमावरून." बाईंनी सुचवलं होतं, की प्रत्येक गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग एवढं सक्तीचं करावं. ते "तांत्रिक बाब" म्हणून इतिवृत्तात गेलं. तुषार यंत्रणा, नळी आणि एक्स्टिंग्विशरचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला गेला, कारण तोपर्यंत बटाटेवडे आले होते.

तेव्हा वाचकहो, विजेची गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पैसे गाडीच्या रंगावर कमी आणि वायरीवर जास्त घाला. लाल दिवा लागला तर तो घालवणाऱ्याला घालवा. गाडीतून किंवा स्कूटरच्या बॅटरीतून धूर आणि फुसफुस सुरू झाली तर बादली घेऊन शौर्य करू नका. तो धूर विषारी असतो. माणसं लांब न्या, १०१ फिरवा आणि गाडी विजेची आहे हे आधी सांगा. आणि आत्ता उठून जिन्यातल्या एक्स्टिंग्विशरचा काटा कोणत्या घरात आहे तेवढा पाहून या. लेख संपलेला आहे, तेव्हा वाचतोय ही सबब चालणार नाही.